मशीन एवढी हुशार झाल्यावर कॅन्सरच्या पेशंटला माणूस कशाला लागतो?

तुम्ही विचारलंय की प्लॅनिंग कॉम्प्युटर करतो, रेडिएशन मशीन देतं, रिपोर्ट ॲपवर येतो, मग कुणी प्रेमानं बोललं काय न बोललं काय. मी डॉक्टर नाहीये. पण आमच्या अण्णांना गालाचा कॅन्सर झाला (तंबाखू, दुसरं काय), ऑपरेशननंतर रेडिएशनचे 30 शेक (म्हणजे 30 वेळा रेडिएशन) सांगितले, सोमवार ते शुक्रवार असे सहा आठवडे, तासगावहून रोज मिरज.

डोकं हलू नये म्हणून गरम पाण्यात मऊ केलेली प्लॅस्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून मास्क बनवतात, रोज तो मास्क घालून टेबलाला अडकवायचं, मग सगळे बाहेर आणि जाड दार बंद. शेक घेताना दुखत नाही पण पहिल्या दिवशी अण्णा थरथरत बाहेर आले, म्हणाले जिवंतपणी तिरडीला बांधलं रे. दुसऱ्या दिवसापासून तिथली टेक्निशियन पोरगी माइकवरून बोलत राहायची, काका दोनच मिनिटं राहिली, काही वाटलं तर हात वर करा, मला कॅमेऱ्यात दिसताय. बास, एवढंच.

चौथ्या आठवड्यात तोंड आतून सोलून निघालं, पाणीसुद्धा गिळवेना, अण्णा अडून बसले की मेलो तरी येत नाही. दोन दिवस दांडी. ॲपवर अपॉइंटमेंट चुकल्याचा मेसेज आला, तोही इंग्रजीत, अण्णा सातवी पास! मग त्या पोरीचाच फोन आला, काका तुमचा मास्क रॅकवर वाट बघतोय. तिसऱ्या दिवशी माणूस स्वतःहून चप्पल घालून तयार. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की या कॅन्सरमध्ये मध्येच खंड पडला तर उरलेल्या पेशी परत वाढायला लागतात, म्हणून चुकलेले दोन शेकपण भरून काढले. म्हणजे तो फोन नुसता गोडवा नव्हता हो, औषधाइतकाच कामाचा होता.

आणि बाहेरचा बाक! मीठ-सोड्याच्या गुळण्या, गार नाचणीची पेज, तिखट बंद, हे डॉक्टरांनीही सांगितलेलं, पण अण्णांनी ऐकलं ते शेजारी बसलेल्या 22 शेक झालेल्या आजींचं.

तुमच्या घरात कुणाचं चालू होणार असेल तर पहिल्याच दिवशी टेक्निशियनला सांगून ठेवा की आत असताना माइकवरून बोलत राहा.