आठ दिवसांत चेहरा उजळला, तिथेच गोम आहे

*मावशी, मी रावेर तालुक्यातला, अकरावी सायन्सला आहे. दीड वर्षापासून गालांवर आणि कपाळावर मुरुम आहेत. आई म्हणते उष्णता वाढली, म्हणून केळी, आंबा, शेवभाजी सगळं बंद. घरची केळीची बाग असून मी केळं खात नाही. पोरं मला ‘मुरूम रोड’ म्हणतात. चुलतभावाने मेडिकलवरून एक ट्यूब आणून दिली, ‘लाव भो, हिरो होशील’ म्हणाला. आठ दिवसांत तोंड साफ झालं, गोरंही झालं. आता तीन महिने झाले. एक दिवस नाही लावली तर चेहरा लाल होतो, आग होते, मुरुम आधीपेक्षा जास्त येतात. उजवा गाल जास्त खराब आहे म्हणून वर्गात उजवीकडच्या भिंतीला लागून बसतो. आखाजीनंतर ताईचं लग्न आहे. तोवर जातील का?*

बेटा, तोवर पूर्ण जाणार नाहीत. जातील असं सांगणारा कुणी भेटला तर त्याच्याकडून काहीही विकत घेऊ नकोस.

आता ती ट्यूब हातात घे आणि मागची बारीक अक्षरं वाच. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसतंय? ही सगळी स्टिरॉइडं. शेजारी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइनही असेल कदाचित. तू लिहिलेली लक्षणं वाचून मला तरी ते स्टिरॉइडच वाटतंय. स्टिरॉइड सूज आणि लाली दाबून टाकतं, रंग फिका करतं, म्हणून पहिल्या आठवड्यात जादू झाल्यासारखं वाटतं. मुरुमाचं मूळ तसंच राहतं. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, एकसारख्या पुळ्या येतात, कधी लव वाढते. थांबवलं की सगळं उसळून वर येतं. मग माणूस घाबरून पुन्हा ट्यूब उघडतो, आणि दुकानदाराचा गिऱ्हाईक पक्का होतो. ही औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे. तो किती पाळला जातो ते तू बघितलंसच. तुझ्या चुलतभावाला दोष देत नाही, त्याने जीव लावूनच आणली असेल.

मुरुम का येतात ते समजून घे, म्हणजे घरातल्या निम्म्या भानगडी मिटतील. वयात येताना शरीरात अँड्रोजन नावाची संप्रेरकं वाढतात. कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी जास्त तेल सोडतात, मेलेल्या पेशी त्या तेलात चिकटून छिद्राचं तोंड बंद करतात, आणि आपल्या सगळ्यांच्या कातडीवर राहणारा एक जंतू आत बंद जागेत वाढतो. मग सूज, पू, दुखणं. मुलांना हे बऱ्याचदा मुलींपेक्षा जोरात होतं. काळे ठिपके म्हणजे मळ नाही, तेव्हा दिवसात पाच-पाच वेळा साबणाने घासून काही होणार नाही, उलट कातडी चिडेल. ‘लग्न झालं की जातात’ हेही खरं नाही. वय वाढलं की बऱ्याच जणांचे कमी होतात, आणि लग्नही साधारण त्याच वयात होतं, एवढंच.

आणि हो, केळं खा! केळ्याने मुरुम येतात याला आधार नाही. शेवभाजीच्या तर्रीवर आळ घेण्यासारखंही ठोस काही सापडलेलं नाही. खूप साखर, मैदा, कोल्ड्रिंक यांनी काहींचे वाढतात, दुधानेही काहींना त्रास होतो, आणि जिममध्ये व्हे प्रोटीन पिणाऱ्या पोरांनी तर लक्ष ठेवावं. आईला हे वाचून दाखव. टूथपेस्ट, लिंबू, खायचा सोडा यांपैकी काहीही तोंडाला लावायचं नाही, हेही त्याच दमात वाचून दाखव.

तुझ्यासाठी खरं काम एकच: त्वचेच्या डॉक्टरकडे जाणं. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी आहे. सकाळी लवकर पोहोच, केसपेपर काढ. ट्यूब फेकू नकोस, खोक्यासकट सोबत ने आणि किती दिवस लावली ते लपवू नकोस. ती एकदम थांबवायची की कमी करत आणायची ते डॉक्टर ठरवतील. थांबवल्यावर काही आठवडे चेहरा लाल, आगीसारखा होईल. घाबरून परत लावू नकोस.

मुरुमांसाठी बहुतेक ॲडापलिन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड देतात, पण तुझी कातडी आधीच चिडलेली आहे, म्हणून मनाने सुरू करू नकोस. दिलं तर हरभऱ्याएवढं घेऊन पूर्ण चेहऱ्यावर पातळ लावायचं, फक्त मुरुमावर टिंब टिंब नाही. सुरुवातीला कातडी कोरडी पडते, सोलते. बेंझॉइल पेरॉक्साइडने टॉवेल आणि उशीच्या खोळीचा रंग उडतो, तेव्हा जुनी खोळ वापर, नाहीतर आई मलाच शिव्या देईल. फरक कळायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि नेमकी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पोरं कंटाळून सोडतात. आत खोल गाठी असतील किंवा खड्डे पडत असतील तर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या असतात, पण त्या डॉक्टरांच्या देखरेखीतच. (गरोदरपणात त्या अजिबात चालत नाहीत, मुलींनी हे पक्कं लक्षात ठेवावं. पाळी अनियमित आणि हनुवटीवर केस असतील तर तेही डॉक्टरांना सांगावं.)

घरी एवढं कर: दोनदा साध्या साबणाने चेहरा धू. डोक्याला तेल चोपडून कपाळावर ओघळू देऊ नकोस. गाडीवर तोंडाला बांधतोस तो रुमाल रोज धुतलेला असू दे. आपल्याकडे ऊन पंचेचाळीसला टेकतं, तर डॉक्टरांना विचारून सनस्क्रीन लाव, नाहीतर डाग जास्त काळे पडतील. फोडू नकोस. आपल्या रंगाच्या कातडीवर फोडलेल्या मुरुमाचा डाग कित्येक महिने राहतो.

त्या भिंतीजवळच्या बाकाचं वाचून वाईट वाटलं. वर्ग चुकवायला लागला असशील, झोप उडाली असेल, जगावंसं वाटत नाही असं मनात येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांग. १४४१६ ही टेलिमानसची मोफत हेल्पलाइन आहे, तिथे मराठीत बोलता येतं. आणि ‘मुरूम रोड’ म्हणणाऱ्यांपैकी एखादा दोस्त बरा असेल, त्याला एकटा गाठून सांग की हे लागतं मला. बहुतेकांना कळतच नाही.

वडिलांना ‘पोरांना कसले मुरुमाचे डॉक्टर’ वाटलं तर त्यांना खोक्यावरचं नाव आणि हा कागद दाखव. बागेतल्या रोगावर ते कृषी सहायकाला विचारल्याशिवाय फवारणी करत नसतील, हे त्यांना आठवून दे. आणि ताईच्या लग्नात फोटोला उभा राहा.