ड्रॉइंग मंजुरीत अडकलंय, एलडी (उशिराचा दंड) मात्र आपल्या माथी

जहाजाच्या पंपाचं ड्रॉइंग मंजुरीत रखडल्याची तुमची पोस्ट वाचली. सगळ्यात आधी तिच्यातला जहाजाचा यार्ड नंबर (शिपयार्डचा बांधणी क्रमांक) काढून टाका. असलं काही इथे नको, उगाच नसती आफत.

आता मूळ दुखणं. भोसरीत पंप बनतोय, ड्रॉइंग तिसऱ्यांदा शेरे मारून परत आलंय, शिपयार्ड म्हणतं मुदत ऑर्डरच्या तारखेपासूनच मोजणार आणि साहेब तुम्हालाच झापतायत. वाचताना वाटलं, माझीच जुनी फाईल कोणीतरी उघडलीय.

क्यूएपी (गुणवत्ता तपासणीचा आराखडा), एफएटी (कारखान्यातली स्वीकृती चाचणी) वगैरे तुम्हाला माहीत असणारच. आमचं घोडं अडलं ते एका मंजुरी कार्यालयात. नाव घेत नाही, अजून त्यांच्याकडेच कामं असतात. पहिल्या फेरीत शेरा आला: फाउंडेशनच्या भोकांचं अंतर शॉक माउंटशी (धक्के शोषणारा आधार) जुळवा. रास्त. ते करून पाठवलं तर नेमप्लेट पितळेची हवी. तीही केली, तर गुरुत्वमध्य दाखवा. अहो, नेमप्लेट काय, गुरुत्वमध्य काय, पहिल्याच फेरीत नजरेला पडायला हवं होतं! मध्येच अधिकाऱ्यांची बदली झाली आणि नव्या साहेबांनी फाईल पहिल्या पानापासून वाचायला घेतली. फोन केला की एकच उत्तर, "पुटअप केलंय", म्हणजे फाईल वरच्या साहेबांपुढे ठेवलीय. तिकडे एलडी आठवड्याला अर्धा टक्का.

तेव्हा माझं मत (मी वकील नाही, तुमच्या ऑर्डरच्या अटी वेगळ्या असू शकतात): फोनवर भांडणं बंद, पत्र लिहा. प्रत्येक सबमिशनच्या पोचेवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शेऱ्यांच्या उत्तरासोबत तक्ता जोडा: शेरा काय, आपण काय केलं, कुठल्या रिव्हिजनमध्ये. खाली एक ओळ हवीच, "आणखी शेरे असल्यास एकत्रित कळवावेत." आणि मुदतवाढ मागायची ती तारीख उलटण्याआधी, कागद कोणाच्या टेबलावर कधीपासून कधीपर्यंत होता ते दाखवून. उलटल्यावर मागितलीत तर मेहरबानी केल्यासारखी देतात आणि एलडीचा हक्क राखून ठेवतात.

पुढच्या कोटेशनमध्ये "ड्रॉइंग मंजुरीपासून इतके आठवडे" असंच लिहा. मार्केटिंगवाले एल-वन (सगळ्यात कमी दरवाला) व्हायच्या घाईत नेमकी हीच ओळ खातात आणि निस्तरायला प्रोजेक्टवाला असतोच. असो.

"मंजुरी येईल तेव्हा येईल, शाफ्टचा बार कापून घ्या" असं साहेब म्हणतात ना? माझ्या मते साफ नकार द्या, तोही ईमेलवर. इन्स्पेक्टरने मटेरियल ओळखून शिक्का मारण्याआधी करवत लागली आणि हीट नंबर (बार धातूच्या कुठल्या वितळणीतला ते सांगणारा क्रमांक) उरलेल्या तुकड्यावर राहिला, तर शाफ्ट कितीही सुबक होऊ दे, मटेरियलच्या सर्टिफिकेटशी त्याचं नातं तुटलं. त्यांच्या लेखी तो भंगार. खाजगी गिऱ्हाईक कदाचित चालवून घेईल, नेव्हीचं काम असेल तर आशा धरू नका.

जाता जाता: कमिशनिंगला यार्डात जाल तेव्हा पोलीस व्हेरिफिकेशन आधीच उरकून ठेवा. हत्यारांची यादी दोन प्रतींत करून आत जातानाच गेटवर शिक्का घ्या, नाहीतर संध्याकाळी स्वतःचा टॉर्क रेंच बाहेर काढताना नाकी नऊ येतात. मोबाईल बहुतेक बाहेरच ठेवावा लागतो, म्हणून लागणारे नंबर कागदावर लिहून न्या.