आधी आईचं माहेर शोध

बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही दोनदा वाचली. विल्यम केन्यन-स्लेनीचे सामने तू फार नीट उतरवले आहेस. ८ मार्च १८७३, लंडनचं केनिंग्टन ओव्हल, इंग्लंडचा स्कॉटलंडवर ४-२ असा विजय, आणि आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधला पहिला गोल याच्या पायातून. आधीच्या नोव्हेंबरातला ग्लासगोचा सामना ०-० सुटला होता, हेही बरोबर. पण पुढचं घराण्याचं पान कोरं आहे. इंग्लंडमधल्या १८४७च्या जन्मनोंदींत ‘केन्यन-स्लेनी’ मिळाला नाही, म्हणून तुझा शोध तिथेच थांबला.

तिथे तो मिळणार नाही. त्याचा जन्म इंग्लंडमधला नाही, आणि जन्मला तेव्हा त्याच्या घरात हे आडनाव नव्हतं.

तो जन्मला २४ ऑगस्ट १८४७ रोजी, आपल्या राजकोटला. वडील विल्यम केन्यन मुंबईच्या लष्करात, लाइट कॅव्हलरीच्या दुसऱ्या रिसाल्यात कॅप्टन. म्हणून मुंबई इलाख्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी आधी बघ. इलाख्यातले पाद्री ज्या नोंदी करत, त्यांच्या नकला दरवर्षी लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत : बंगाल एन/१, मद्रास एन/२, मुंबई एन/३. तू तिसऱ्यात शिर, आणि शोधताना फक्त ‘केन्यन’ घे.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत वडिलांचं नाव आणि हुद्दा असतो. आईचं मात्र नुसतं पहिलं नाव, माहेरचा पत्ताच नाही. इथे बहुतेक जण वडिलांची वाट धरतात, कारण ती सोपी असते. मी तुला आग्रहाने सांगतो, आधी आईकडे जा. इंग्लंडमध्ये १८३७पासून विवाहाच्या नोंदीत वधूच्या वडिलांचं नाव आणि पेशा लिहिलेला असतो. त्या एका ओळीतून अख्खं माहेर उलगडतं.

या माणसाच्या बाबतीत तर आडनावच आईकडून आलं. फ्रान्सेस कॅथरिन ही श्रॉपशरमधल्या हॅटन ग्रेंजच्या रॉबर्ट ॲग्लिओन्बी स्लेनी यांची मुलगी. १८६२ मध्ये ती इस्टेट तिच्याकडे आली आणि कॅप्टन केन्यननी आपल्या नावापुढे स्लेनी जोडलं. मुलगा तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा. आपल्याकडे दत्तक गेलेल्याचं आडनाव बदलतं आणि मग कुलवृत्तांतात त्याला दोन ठिकाणी शोधावं लागतं, तसंच हे. १८६१ची खानेसुमारी बघायची तर ‘केन्यन’, १८७१ची बघायची तर ‘केन्यन-स्लेनी’. इंग्लंडमध्ये असे नामबदल राजपरवान्याने झाले, की ‘लंडन गॅझेट’ या सरकारी राजपत्रात छापून येत, तेही चाळ.

आता आजोबा. रॉबर्ट स्लेनी श्रूसबरीचे खासदार होते. १८३३ मध्ये शहरांतल्या कष्टकऱ्यांना फिरायला-खेळायला मोकळी जागा हवी म्हणून संसदेची जी समिती नेमली गेली, तिचे ते अध्यक्ष. बरोबर चाळीस वर्षांनी नातवाने ओव्हलच्या गवतावर तो गोल केला. हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा रात्री झोप लागली नाही. तरी तू यातून ‘आजोबांचा वारसा’ असलं काही लिहू नकोस. नातं कागदावर आहे, वारशाचा कागद आपल्याजवळ नाही.

क्लबच्या दप्तरावर फार विसंबू नकोस. हौशी खेळाडूला पगार नव्हता, इंग्लंडमध्ये पैसे घेऊन खेळायला मान्यता मिळाली ती १८८५ मध्ये. त्यामुळे ज्यावर त्याचं नाव सापडावं असं पगारपत्रकच नाही. हा तर वाँडरर्सकडून खेळलेला, आणि त्या क्लबला बराच काळ स्वतःचं मैदानसुद्धा नव्हतं. अशा माणसाचा माग बाकीच्या आयुष्यात लागतो. ईटन शाळेचं रजिस्टर, ग्रेनेडियर गार्ड्स या लष्करी पलटणीतली नोकरी, १८८६पासून श्रॉपशरच्या न्यूपोर्टची खासदारकी. १९०८ मध्ये तो वारला. तेव्हाच्या मृत्युपत्रांची वर्षवार यादी छापील मिळते.

वृत्तपत्रांत मात्र जपून. तिथे अनेकदा नुसती आद्याक्षरं असतात, आणि त्या अक्षरांचा माणूस भाऊही असू शकतो, चुलतभाऊही. दोन स्वतंत्र कागद जुळेपर्यंत पेन्सिलनेच लिही.

वही परत पाठवतो आहे. स्लेनींसाठी मधली चार पानं कोरी सोडली आहेत. एन/३ मधली नक्कल हाती आली की आधी मला दाखव, पाद्र्यांचं अक्षर आपण दोघं मिळून लावू.

तुझा,
काका