'कॅनीची लढाई' की 'कॅनीचे युद्ध'?

प्रश्न असा: इ.स.पू. २१६ मध्ये इटलीतल्या कॅनी येथे उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने रोमनांचा धुव्वा उडवला. ती 'लढाई' की ते 'युद्ध'? मराठी पुस्तकांत दोन्ही आढळतात.

'लढाई'च म्हणावे. एका रणांगणावर, बहुधा एका दिवसात निकाली निघते ती लढाई. वैर उघड झाल्यापासून तह होईपर्यंत चालते ते युद्ध. रोम आणि कार्थेज यांच्यातले दुसरे प्यूनिक युद्ध इ.स.पू. २१८ ते २०१ असे चालले. ट्रेबिया, ट्रॅसिमिनी, कॅनी, झामा या त्यातल्या लढाया. सैन्य घेऊन आल्प्स ओलांडणे ही मोहीम.

हा भेद पाळला नाही तर अर्थच उलटतो. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या आकड्यांप्रमाणे कॅनीला रोमनांचे पायदळ सुमारे ८०,००० होते, हॅनिबलचे ४०,०००. घोडदळात मात्र तो वरचढ होता. त्याने मधली फळी पुढे फुगवून ठेवली. रोमन रेटा बसताच ती मागे सरली, दोन्ही बाजूंचे आफ्रिकी पायदळ आत वळले आणि घोडदळाने पिछाडी बंद केली. एवढे होऊनही रोमने तहाची बोलणी केली नाहीत. रोमच्या बाजूचे कापुआ शहर फुटले, पण मध्य इटलीतले बहुतेक मित्र रोमला धरून राहिले. शेवटी इ.स.पू. २०२ मध्ये झामाला रोमन सेनापती स्किपिओने हॅनिबलला हरवले आणि पुढच्याच वर्षी तह झाला. म्हणजे हॅनिबलने कॅनीची लढाई जिंकली, पण कार्थेज युद्ध हरले. इथे दोन्हीकडे 'युद्ध' लिहून पाहा, वाक्य कोसळते. 'निर्णायक' हे विशेषणही झामाला शोभते, कॅनीला नव्हे.

ओळखायची सोपी खूण म्हणजे नाव. गावाचे, मैदानाचे नाव असेल तर बहुधा लढाई: तराईनची पहिली (११९१) आणि दुसरी (११९२), पानिपतची तिसरी. पक्षांचे नाव असेल तर युद्ध: ग्रीक-इराणी युद्ध. ट्रॉय मात्र गाव असूनही युद्धच, कारण कथेप्रमाणे ते दहा वर्षे चालले. क्रमांक असेल तिथे जास्त जपावे. 'दुसऱ्या युद्धात पराभव झाला' यावरून दुसरी लढाई की दुसरे युद्ध, हे वाचकाला कळत नाही.

'कॅनीचे युद्ध' व्याकरणाने चूक नाही. संस्कृतात 'युध्' म्हणजे नुसते लढणे. म्हणून तर द्वंद्वयुद्ध, मल्लयुद्ध हे शब्द आहेत. पण मराठीत 'लढाई' हा नेमका शब्द हाताशी असताना तो का सोडावा?

कलिंगाला मात्र 'कलिंगयुद्ध'च बरे. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात दीड लाख माणसे पकडून नेली, एक लाख मारली गेली असे आकडे आहेत. रणांगणाचे नाव कुठेच नाही. 'कलिंग जिंकला', एवढेच तो म्हणतो.