हजारावी मूळ संख्या ७९१९, मग सूत्र ६९०८ का म्हणतं?

प्रोग्रॅमने काढलेली हजारावी मूळ संख्या आणि सूत्राचं उत्तर जुळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. तुमचा प्रोग्रॅम बरोबर आहे. हजारावी मूळ संख्या ७९१९च, आणि एनवी मूळ संख्या साधारण किती हे सांगणारं सूत्र, म्हणजे 'एन गुणिले एनचा लॉग', केलं की ६९०८ येतात, हेही बरोबर. एन वाढवत नेला की हा हजाराचा फरक मिटेल का, असं विचारलंय तुम्ही. नाही मिटणार, उलट वाढेल. दहा लाखावी मूळ संख्या १,५४,८५,८६३ आहे. तिथे सूत्र सोळा लाखांहून जास्त कमी पडतं. ते कायम कमीच पडतं, हे रॉसर या गणितज्ञाने १९३९ मध्ये सिद्ध केलंय. हे सूत्र ज्यातून येतं ते १८९६ मध्ये सिद्ध झालेलं मूळ संख्यांचं प्रमेय फरकाबद्दल बोलतच नाही, भागाकाराबद्दल बोलतं: खरी संख्या भागिले सूत्राचं उत्तर १ कडे जातं. शंभराव्याला १.१७, दहा लाखाव्याला १.१२. जातंय, पण फारच रमतगमत.

(लॉग म्हणजे कॅल्क्युलेटरवरचं 'एलएन' बटण. नुसतं 'लॉग' दाबलंत तर ३००० येतील आणि संध्याकाळ फुकट जाईल. माझी गेलीय.)

गफलत कुठे होते ते पर्वतीवर बघा. १०३ पायऱ्या. मूळ संख्येच्या पायरीवर थांबायचं, असा खेळ मी चढताना करतो. खाली २, ३, ५, ७ असे सारखे थांबे. वर ८९ नंतर एकदम ९७, आणि अगदी शेवटी १०१, १०३ ही जोडी. एकूण २७ थांबे. सूत्राला विचारा सत्ताविसावा कुठे, ते सांगतं ८९. तिथे तर चोविसावाच असतो!

कारण थांब्यांमधलं अंतर ठरतं तुम्ही कितव्या पायरीवर आहात त्यावरून, कितवा थांबा त्यावरून नाही. ते साधारण त्या पायरीच्या आकड्याच्या लॉगइतकं असतं. १०३ चा लॉग ४.६३, २७ चा ३.३. आपण दुसरा वापरतो, कारण पहिला आधी माहीत नसतो. पण ४.६३ ने गुणलं तर १२५ येतात, डोंगराच्याही वर! खालचे थांबे दाट होते ना, म्हणून सरासरी अंतर साधारण एकने कमी धरायचं. ३.६३ गुणिले २७ म्हणजे ९८. बरंच जवळ.

पायरी माहीत नसताना हेच करायचं तर एनच्या लॉगमध्ये त्या लॉगचा लॉग मिळवा, १ वजा करा, मग एनने गुणा. हजाराला ७८४०. दहा लाखाला १,५४,४१,३०२. आता हजाराला चूक एक टक्क्याच्या आत, दहा लाखाला अर्ध्या टक्क्याच्याही आत.

एक मात्र सांभाळा. एराटोस्थेनिसच्या चाळणीसाठी (पटीतल्या संख्या खोडत मूळ संख्या शोधायची पद्धत) ॲरे, म्हणजे प्रोग्रॅममधली संख्यांची यादी, किती मोठा घ्यायचा हे ठरवताना ते १ वजा करू नका. ७८४० चा ॲरे घेतलात तर ७९१९ त्यात मावणारच नाही. वजा न करता ८८४० येतात, आणि एन ६ किंवा जास्त असला की ही वरची मर्यादा कधी कमी पडत नाही.