शिंदे म्हणजे कोणते शिंदे?

विचारणाऱ्याचा प्रश्न असा आहे: 'शिंदे आडनावाचे सगळे एकाच घराण्यातले का? ग्वाल्हेरचे सिंधिया आणि आमच्या शेजारचे शिंदे यांचं काही नातं असतं का?'

सिंधिया म्हणजे शिंदेच. पण सगळे शिंदे एका घराण्यातले नाहीत, एका जातीतलेही नाहीत. मी स्वतः शिंदे आहे आणि सातारा जिल्ह्यात ३१ वर्षं पोस्टमन होतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

माझ्या बीटमध्ये एका गावात शिंद्यांची साठेक घरं होती. त्यांत दत्तात्रय शिंदे नावाचे नऊ जण. पाकिटावर वडिलांचं नाव नसलं की मी आधी पाठवणाऱ्याचं गाव बघायचो, मग अक्षर. माळावरचे दत्तात्रय, मास्तरांचे दत्तात्रय, पाणंदीतले दत्तात्रय अशी माझी मनातली यादी होती. एकदा मुंबईहून गिरणीतल्या मुलाने आईला पाठवलेली मनीऑर्डर मी त्याच नावाच्या दुसऱ्या म्हातारीच्या दारात नेली. मी पैसे मोजायला लागलो तशी ती म्हणाली, "बाबा, माझा लेक मुंबईला न्हाई, ती वरच्या आळीची." तिच्या घरात त्या दिवशी चूल पेटायची मारामार होती, हे मला माहीत होतं. मी तिला कधी विसरलो नाही.

या साठ घरांच्या तीन भावक्या होत्या. भावकी ओळखायची खूण आमच्याकडे साधी आहे: ज्यांचं सुतक लागतं ते आपले. वरच्या आळीत कुणी गेलं तर खालच्या आळीतले शिंदे खांदा द्यायला यायचे, पण सुतक पाळायचे नाहीत. आडनाव तेच, मूळपुरुष वेगळा. सोयरीक जुळवतानाही म्हणूनच जुनी माणसं आडनाव ऐकून थांबत नाहीत. मूळ गाव विचारतात, कुलदैवत विचारतात, देवक विचारतात.

आता ग्वाल्हेरचं. ते घराणं आमच्याच जिल्ह्यातलं, कोरेगाव तालुक्यातल्या कण्हेरखेडचं. राणोजी शिंदे बाजीराव पेशव्यांच्या काळात पुढे आले आणि माळव्यात स्थिरावले. त्यांचे पाच मुलगे: जयाप्पा, दत्ताजी, जोतिबा, तुकोजी, महादजी. जयाप्पांचा १७५५ साली नागौरच्या वेढ्यात खून झाला. दत्ताजी १० जानेवारी १७६० ला यमुनेच्या काठी बुराडी घाटावर पडले. 'बचेंगे तो और भी लडेंगे' हे शब्द परंपरेने त्यांच्याच तोंडी आहेत. पुढच्याच वर्षी पानिपतावर तुकोजी गेले आणि जयाप्पांचा तरुण मुलगा जनकोजीही गेला. महादजी पायाला जबर जखम घेऊन तिथून निसटले, राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना वाचवलं. महादजींनी त्याला पुढे भावासारखं वागवलं आणि मोठ्या पदाला चढवलं. दहा वर्षांनी मराठे पुन्हा दिल्लीत शिरले, बादशहा शाहआलम तख्तावर परत बसला, त्यात महादजींचा मोठा वाटा होता. एका घरातली इतकी माणसं रणात गेल्यावर उरलेल्या एकाने हे उभं केलं. पुण्यात वानवडीला शिंद्यांची छत्री आहे ती त्यांचीच. १२ फेब्रुवारी १७९४ ला ते तिथेच वारले. पुण्यात राहून ती पाहिली नसेल तर जरूर जा.

'सिंधिया' हे रूप इंग्रजी कागदपत्रांतल्या लिखाणातून आलं आणि हिंदीत रुळलं. मराठी वर्तमानपत्रं मात्र अजून 'ज्योतिरादित्य शिंदे', 'माधवराव शिंदे' असंच छापतात, आणि ते बरोबर आहे. (अलीकडे 'शिंदेंची', 'शिंदेंना' असं लिहितात. माझ्या कानाला 'शिंद्यांची', 'शिंद्यांना' हेच बरं वाटतं. छत्रीला तरी अजून कुणी शिंदेंची छत्री म्हणत नाही.)

या नावाने किती दूर मजल मारली ते पाहिलं की ऊर भरून येतो. काशीत मणिकर्णिकेशेजारी शिंद्यांचा घाट आहे. तिथलं एका बाजूला कललेलं रत्नेश्वराचं देऊळ तुम्ही फोटोत पाहिलं असेल. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाईंनी काशीत ज्ञानवापीच्या विहिरीवर मंडपही बांधला. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर १८९७ पासूनची सिंधिया शाळा आहे. आणि विशाखापट्टणमला शहराच्या एका भागाचं नावच सिंधिया आहे. भाचा नौदलात होता तेव्हा तिथे गेलो, बसच्या पाटीवर ते नाव वाचून मी थबकलो. तेलुगू मुलखात आमचं आडनाव कसं? त्याचा उलगडा असा: वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी यांनी १९१९ साली ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून एक जहाज विकत घेतलं, त्याचं नाव 'लॉयल्टी' ठेवलं, आणि कंपनीला नाव दिलं सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ ला ते मुंबईहून लंडनला निघालं. ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतात तो त्यामुळेच. याच कंपनीने १९४१ साली विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना सुरू केला आणि १९४८ मध्ये तिथून 'जलउषा' पाण्यात उतरली. ज्या माणसांना कण्हेरखेड कुठे आहे हेही ठाऊक नाही ती रोज कंडक्टरकडे 'सिंधिया'चं तिकीट मागतात.

घरातल्या वस्तूंतही हे नाव आहे. शिंदेशाही तोडे, शिंदेशाही पगडी. नाशिक-पुणे रस्त्यावर शिंदे नावाचं गावच आहे, टोलनाक्यामुळे सगळ्यांना माहीत झालेलं. शिंदेवाड्या तर जिल्ह्याजिल्ह्यात सापडतील.

पण मला विचाराल तर या आडनावाची खरी श्रीमंती राजवाड्याबाहेर आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांनी सगळ्या बाईजातीवर झोड उठवली, त्या संतापातून ते पुस्तक आलं. जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. मग जमखंडीत १८७३ साली जन्मलेले विठ्ठल रामजी शिंदे. ऑक्सफर्डला धर्माचा अभ्यास करून आले आणि १९०६ मध्ये मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं, अस्पृश्यतानिवारणाला आयुष्य दिलं. त्यांच्याच मराठा समाजातल्या माणसांनी त्यांना दूर लोटलं, आणि ज्यांच्यासाठी राबले त्यांच्यातल्याही काहींचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला नाही. दोन्हीकडून एकटा पडलेला हा माणूस मला महादजींइतकाच मोठा वाटतो.

सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे दलित समाजातले. कोर्टात शिपायाची नोकरी, मग पोलिसात फौजदार, आणि २००३ मध्ये मुख्यमंत्री. २०२२ मध्ये मुख्यमंत्री झालेले एकनाथ शिंदे महाबळेश्वर तालुक्यातल्या दरे गावचे, मराठा. त्याच पदावर, तेच आडनाव. गायक प्रल्हाद शिंदे यांनी विठ्ठलाची गाणी गायली आणि भीमगीतंही गायली. त्यांचे मुलगे आनंद आणि मिलिंद, नातू आदर्श. लोक त्या घराण्यालाही प्रेमाने 'शिंदेशाही' म्हणतात. आणि सदू शिंदे हे नाव आता फारसं कुणाला आठवत नाही. लेगस्पिनर, सात कसोट्या खेळले, १९५१ मध्ये दिल्लीला इंग्लंडचे सहा गडी ९१ धावांत बाद केले आणि १९५५ मध्ये विषमज्वराने गेले, जेमतेम ३१ वर्षांचे. शरद पवारांच्या पत्नी प्रतिभाताई या त्यांच्या कन्या.

म्हणून 'शिंदे म्हणजे कोणते?' हा प्रश्न मला बोचतो. विचारणाऱ्याला गाव नको असतं, जात हवी असते. माझ्या मुलाला पुण्यात खोली भाड्याने घेताना हाच प्रश्न दोन ठिकाणी आला. त्याने गावाचं नाव सांगितलं. समोरच्याचं समाधान झालं नाही, आणि खोलीही मिळाली नाही. शिंदे मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, इतरही अनेक समाजांत आहेत. आडनावावरून अंदाज बांधाल तर चुकाल, आणि तो बांधायची गरजही नाही.

तुम्हाला तुमच्या शेजाऱ्यांचं मूळ शोधायला मदत करायची असेल तर आजोबांचं गाव आणि कुलदैवत आधी विचारा. सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे हेळवी येतात, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी त्यांच्याकडे असतात. ते गावात कधी येतात ते म्हाताऱ्यांना ठाऊक असतं. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरला तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात. गाव सांगितलं की ते बरोबर ती वही काढतात. निवृत्त झाल्यावर आईच्या अस्थी घेऊन मी नाशिकला गेलो होतो. उपाध्यायांनी पान उलटलं तर माझ्या पणजोबांच्या नावापुढे त्यांचा अंगठा होता, शाई फिकी पडलेली. त्याच पानावर खाली दुसऱ्या एका शिंद्यांची नोंद होती. गाव वेगळं, कुलदैवत वेगळं. मी माझं नाव लिहिलं, माझ्या मुलांची लिहिली, आणि सही केली.