तो पोलीस ‘बाळा’ म्हणणार नाही

न्यू जर्सीहून एका आईचं लांबलचक पत्र आलंय. मुलगा 16 वर्षांचा, ऑटिस्टिक म्हणजे स्वमग्न, उंचीनं बापाच्या वर गेलेला. संध्याकाळी हुडी चढवून, बुटाची नाडी फिरवत, स्वतःशी बोलत फेऱ्या मारतो. मागे कुणीतरी पोलिसांना फोन केला. त्या वेळी निभावलं. आता त्या लिहितात, “पोलीस आले तर घाबरायचं नाही, नीट उत्तरं द्यायची, हे मी त्याला रोज समजावते. तो हो म्हणतो.”

अहो, त्या ‘हो’वर विसंबलात? तुमची काळजी कळते मला, पण आपली पोरं विषय संपावा म्हणूनही हो म्हणतात. उद्या चौकशीत “तूच केलंस ना?” विचारलं तर त्यालाही म्हणतील.

समजावणं पुरे, तालीम सुरू करा. या सदरात हे आधी लिहिलंय, पुन्हाही लिहीन. 2017 मध्ये ॲरिझोनातल्या बकाय इथे बागेत 14 वर्षांचा एक ऑटिस्टिक मुलगा अशीच दोरी हलवत होता. नशेबाज ओळखायचं प्रशिक्षण घेतलेल्या पोलिसाला ती नशा वाटली. काय करतोयस, असं विचारल्यावर मुलानं ‘स्टिमिंग’ (मन शांत ठेवायला तीच ती हालचाल पुन्हापुन्हा करणं) असं खरं ते सांगितलं. पोलिसाला काही उमगलं नाही. मुलगा वळून निघू लागला आणि जमिनीवर दाबला गेला. उत्तर देऊन झालं होतं हो! घात झाला तो निघून जाण्यानं.

म्हणून आधी शरीराला शिकवा. आहे तिथे थांबायचं. हात खिशाबाहेर, पंजे उघडे. मग दोनच वाक्यं, इंग्रजीत: “आय ॲम ऑटिस्टिक. प्लीज कॉल माय मॉम.” तुम्ही तो ऑटिस्टिक असल्याचं कार्ड खिशात दिलंय म्हणता. ते काढायला हात खिशात गेला की समोरच्याचा हात पिस्तुलाकडे जातो. कार्ड गळ्यात अडकवा, नाहीतर आधी सांगून, परवानगी मिळाल्यावरच काढायला शिकवा.

आमच्या धाकट्याच्या वेळी ह्यांना पोलीस केलं, तर हे म्हणायचे, “बाळा, हात दाखव बघू.” असला पोलीस अमेरिकेत कुठे भेटणार? मग माझ्या भावाला बोलावलं. मंडळाच्या नाटकात खलनायक कायम त्याच्याकडेच. आधी दिवसाउजेडी, हळू आवाजात. मग चढा आवाज, मग अंधारात डोळ्यांवर टॉर्च, मग कानांवर हेडफोन असताना. घाईनं पायरी चढवलीत तर पोर तालमीचाच धसका घेईल. आमचा आता ओरडणं ऐकलं की जागच्या जागी थांबतो. तेवढंच तर हवं होतं.

गर्दी नसताना त्याला गावातल्या पोलीस ठाण्यात नेऊन आणा. कित्येक ठिकाणी अशा मुलांची नोंद ठेवतात, विचारून घ्या. “पण मग सगळ्यांना कळेल,” असं लिहिलंयत. कळू दे! ज्यानं फोन केला त्याला माहीत असतं तर केला असता का?

आणि घरात तो अनावर झाला म्हणून तुम्हीच 911 हा आपत्कालीन नंबर लावलात तर? 2020 मध्ये सॉल्ट लेक सिटीत एका आईनं 13 वर्षांच्या ऑटिस्टिक मुलासाठी मदत मागितली. आलेल्या पोलिसानं गोळ्या झाडल्या. मुलगा वाचला. मानसिक संकटासाठी 2022 पासून 988 हा वेगळा मदतीचा नंबर आहे. 911 लावावाच लागला, तर ऑटिस्टिक आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. शस्त्र नसेल तर तेही सांगा आणि सीआयटी, म्हणजे मानसिक संकटातल्या माणसाला हाताळायचं, प्रशिक्षण घेतलेला अधिकारी मागा.

बाकीचं थोडक्यात. ड्रायव्हिंग लायसन्सची घाई नको; वेळ आली की कनेटिकटमध्ये 2020 पासून चालू झालेल्या, आता इतर राज्यांतही पोचलेल्या निळ्या लिफाफ्याची (ऑटिस्टिक चालकानं गाडीची कागदपत्रं ठेवून पोलिसांना दाखवायचा) माहिती काढा. मराठी शाळा आवडत असेल तर चालू द्या.

सासूबाई येताहेत आणि “मोठा झाला की सुधारेल” म्हणतात. म्हणू देत, वाद घालू नका. पण त्यांनाही तालमीत घ्या. 2015 मध्ये अलाबामातल्या मॅडिसनमध्ये नातवासाठी आलेले सुरेशभाई पटेल मुलाच्या घराजवळ नुसते चालत होते. इंग्रजी येत नव्हतं. पोलिसानं आपटलं आणि त्यांना अर्धांगवायू झाला. नातवाला पोलिसांनी थांबवलेलं दिसलं तर ओरडत धावत जायचं नाही, दारातच उभं राहून तुम्हाला हाक मारायची, एवढं आजीकडून करून घ्या.